वायडीचे वर्ष

उन्हाळी परीक्षेचे निकाल लागले की पुढचे पंधरा दिवस आमच्या विभागात पालकांची ये-जा सुरू होते. वडील पुढे असतात, मुलगा दारापाशीच रेंगाळतो आणि वडिलांच्या खिशातून घड्या पडून मऊ झालेला निकालाचा कागद बाहेर येतो. सांगलीतल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात मी बावीस वर्षे संगणकशास्त्र शिकवतो आहे, आणि या भेटींत विचारला जाणारा प्रश्न शब्द बदलून एकच असतो: आता पुढे शिकवायचे की थांबवायचे? दोन वर्षांपूर्वी तासगाव तालुक्यातले एक द्राक्षबागायतदार असेच आले होते. त्यांच्या मुलाचा पहिल्या वर्षाचा एक आणि दुसऱ्या वर्षाचे चार विषय राहिले होते. पहिल्या वर्षाचे सगळे विषय सुटल्याशिवाय तिसऱ्या वर्षाला प्रवेश मिळत नाही, असा आपल्याकडच्या बहुतेक विद्यापीठांचा नियम आहे. त्यामुळे मुलगा, पोरांच्या भाषेत सांगायचे तर, ‘वायडी’ (‘इयर डाउन’, म्हणजे वर्षभर मागे राहिलेला) झाला होता. पुढे केलेल्या पाण्याच्या ग्लासाला हातही न लावता वडील म्हणाले, “सर, बाग ठेवायची का काढायची, एवढंच सांगा. मधलं काय नको.”

मला त्या वेळी उत्तर देता आले नाही आणि ते देण्याची घाई मी केली नाही, याचे आज मला बरे वाटते. मात्र एक गोष्ट तेव्हाच मनात आली. हा गृहस्थ स्वतःच्या बागेबद्दल असा प्रश्न कोणाला कधीच विचारणार नाही. बाग फुटली नाही तर तो आधी वेलीच्या बुंध्याशी बसून माती उकरेल, पांढरी मुळी चालू आहे का ते पाहील, माती-पाण्याचा आणि देठाचा तपासणी अहवाल काढून आणील, छाटणीची तारीख चुकली का याचा हिशेब करील आणि एवढे सगळे झाल्यावर मगच कुऱ्हाडीचा विचार करील. मुलाच्या बाबतीत मात्र त्याच्या हाती तपासणीचा असा कोणताही कागद नव्हता. होती ती फक्त गुणपत्रिका, आणि गुणपत्रिका पीक आले नाही एवढेच सांगते. संगणकाची पदवी चालू ठेवावी की सोडावी, हा प्रश्न आपण मुलाच्या बुद्धीचा किंवा जिद्दीचा मानतो, तिथेच आपली चूक होते, असे माझे मत आहे. तो आधी तपासणीचा प्रश्न आहे. आणि ही तपासणी करण्यासाठी जे एक वर्ष मुलाच्या आयुष्यात आपोआप मोकळे होते, नेमके तेच आपली महाविद्यालये वाऱ्यावर सोडून देतात.

त्या मुलाला मी पुढच्या आठवड्यात एकट्याला बोलावले आणि येण्याआधी ‘डेटा स्ट्रक्चर्स’ (संगणकात माहिती रचून ठेवण्याच्या पद्धती) या विषयाच्या उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवायला सांगितले. तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा परीक्षार्थीचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्येच माहिती अधिकार कायद्याखाली मान्य केला आहे आणि विद्यापीठेही शुल्क घेऊन छायाप्रत देतात. पण आपली मुले ती मागवतात ती केवळ चार गुण वाढतील या आशेने, म्हणजे पुनर्मूल्यांकनासाठी. आपण नेमके कोठे अडलो हे पाहण्यासाठी ती मागवणारा विद्यार्थी मला फारसा भेटलेला नाही. या मुलाच्या उत्तरपत्रिकेत जोडयादीवरचे, म्हणजे लिंक्ड लिस्टवरचे, तीन प्रश्न होते आणि तिन्ही ठिकाणी त्याने एकच चूक केली होती. साखळीच्या सुरुवातीला नवा दुवा घालायचा असेल तर तो आधी जुन्या साखळीला जोडायचा असतो आणि मगच साखळीचे तोंड त्याच्यावर आणायचे असते. याने आधी तोंड हलवले होते, त्यामुळे मागची सगळी साखळी हातातून सुटली होती. तपासनीसाने तिन्ही ठिकाणी लाल रेघ ओढून शून्य दिले होते, आणि परीक्षेच्या नियमाने ते बरोबरच होते.

मी एका कागदावर तीन ओळी लिहिल्या. पहिल्या ओळीत ‘अ’ मध्ये 5 ठेवले, दुसऱ्या ओळीत ‘ब = अ’ असे लिहिले, तिसऱ्या ओळीत ‘अ’ मध्ये 7 ठेवले आणि आता ‘ब’ किती, असे विचारले. तो लगेच म्हणाला, “सात.” का, असे विचारल्यावर म्हणाला, “‘ब’ म्हणजे ‘अ’च ना, सर.” सातवी-आठवीपासून बीजगणितात बरोबरचे चिन्ह त्याने तराजूसारखे वाचले होते आणि त्या वर्गात ते योग्यच होते. प्रोग्रामिंगच्या भाषेत मात्र हे चिन्ह तराजू नसून ‘उजवीकडची किंमत उचल आणि डावीकडच्या खोक्यात टाक’ असा हुकूम आहे, त्यामुळे नंतर ‘अ’ बदलले तरी ‘ब’ मध्ये पाचच राहतात. हा मुलगा बारावीत चांगल्या गुणांनी पास झालेला, पहिल्या वर्षी प्रोग्रामिंगचा विषय पहिल्याच फटक्यात सुटलेला, आणि ही एवढी गोष्ट त्याला दोन वर्षांत कोणी विचारलीही नव्हती. मग तो पहिल्या वर्षी पास कसा झाला? वीस प्रोग्राम पाठ करून, जर्नल मित्राच्या जर्नलवरून उतरवून आणि ओरलला व्याख्या म्हणून. त्या जर्नलवर सही करणाऱ्यांत मीही आहे, हे इथे लिहायला हवे. एका बॅचला वीस-बावीस मुले, तासाला तीन बॅच आणि सत्र संपायला चार दिवस, अशा वेळी कोणता प्रोग्राम कोणी स्वतः लिहिला हे तपासणारा शिक्षक मी पाहिलेला नाही आणि मीही तसा नव्हतो.

हेच तीन ओळींचे कोडे संगणकशिक्षणाच्या इतिहासात एका वादाचे कारण ठरले आहे. लंडनच्या मिडलसेक्स विद्यापीठातल्या सईद देहनादी आणि रिचर्ड बोर्नॅट यांनी 2006 मध्ये असा दावा केला की, अशा किंमत-देण्याच्या साध्या प्रश्नांवरून, अभ्यासक्रम सुरू होण्यापूर्वीच, कोणाला प्रोग्रामिंग जमेल आणि कोणाला नाही हे ओळखता येते. ही कल्पना फार पसरली, कारण ती शिक्षकांच्या सोयीची होती. मुलांचे जन्मतःच दोन गट असतील तर नापास होणाऱ्यांची जबाबदारी कोणावरच येत नाही. 2014 मध्ये बोर्नॅट यांनी स्वतःच तो दावा जाहीरपणे मागे घेतला. त्यानंतर 2016 मध्ये कॅनडातल्या एका मोठ्या विद्यापीठातील संगणक अभ्यासक्रमांच्या 778 निकालांचे वितरण तपासले गेले आणि त्यांपैकी अवघ्या 5.8 टक्के निकालांत दोन शिखरे, म्हणजे ‘जमणारे’ आणि ‘न जमणारे’ असे वेगळे गट, आढळली. तरीही आमच्या स्टाफरूममध्ये ‘त्याच्यात ते नाहीच’ हे वाक्य आजही रोज ऐकू येते. नापास होणे हे या विषयात काही विपरीत नाही, हेही आकड्यांवरून दिसते. 15 देशांतल्या 161 प्रारंभिक प्रोग्रामिंग अभ्यासक्रमांचा एकत्रित अभ्यास 2014 मध्ये झाला, तेव्हा सरासरी उत्तीर्णांचे प्रमाण 67.7 टक्के निघाले. म्हणजे जगभर दर तिघांतला जवळपास एक पहिल्या प्रयत्नात राहतो, आणि त्यात तासगावचा मुलगा बसला म्हणून आभाळ कोसळत नाही.

या विषयात मागे पडलेला मागेच का पडत जातो, याचे मला पटलेले स्पष्टीकरण न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठातल्या अँथनी रॉबिन्स यांनी 2010 मध्ये दिले. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा की, प्रोग्रामिंगमधल्या कल्पना एकमेकींत इतक्या घट्ट विणलेल्या असतात की पहिली कळली तर दुसरी सोपी होते आणि पहिली निसटली तर दुसरी दुप्पट अवघड होते. सुरुवातीचा छोटा फरक म्हणूनच वाढत जातो. इतिहासात एखाद्याला पेशवाई कळली नाही तरी स्वातंत्र्यलढा कळू शकतो. इथे व्हेरिएबल, म्हणजे किंमत ठेवायचे खोके, कळले नाही तर पॉइंटर, म्हणजे त्या खोक्याकडे दाखवणारा बाण, कळत नाही, पॉइंटर कळला नाही तर जोडयादी कळत नाही, जोडयादी नाही तर ट्री नाही, आणि ट्री नाही तर तिसऱ्या वर्षाचा कंपायलर म्हणजे निव्वळ घोकंपट्टी. म्हणून राहिलेला विषय तोच गाईड घेऊन, त्याच पद्धतीने, पुन्हा एकदा वाचून देणे हा उपाय नाही. सुटलेला विषयही कधी कधी नापासच असतो, फक्त त्याची नोंद दीड वर्षाने दुसऱ्या विषयाच्या नावावर होते.

इथे एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे: सगळ्यांचेच कारण असे हाती लागणारे नसते. खरे आहे. भाषेमुळे अडणारे आहेत. जत-आटपाडी किंवा माण-खटाव भागातून दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली मुले अकरावी-बारावीत ‘इंटिग्रेटेड’च्या नावाखाली कनिष्ठ महाविद्यालयाचे तोंडही न पाहता सीईटीचे पर्याय भरायला शिकतात आणि मग एकदम पाचशे पानांच्या इंग्रजी पुस्तकासमोर येतात. 2021 मध्ये पिंपरी-चिंचवडच्या एका महाविद्यालयात संगणक अभियांत्रिकी मराठीतून शिकवण्यास सुरुवात झाली, ही चांगली गोष्ट आहे. पण सांगली-सातारा या आपल्या दोन जिल्ह्यांतल्या मुलाला आधी गरज आहे ती मराठीत प्रश्न विचारण्याची मुभा असलेल्या तासाची. आजारपण असते, घरातले भांडण असते, मोबाइलचे व्यसन असते. आणि काहींना विषय समजतो पण नको असतो. साताऱ्याकडचा एक मुलगा माझ्या चांगला लक्षात आहे. त्याचे नऊ विषय राहिले होते, पण फळ्यावर बोलावले तर बिनचूक सोडवायचा. त्याला हे करायचेच नव्हते. चुलत्याने पुण्यातले पॅकेज सांगितले म्हणून तो आला होता. त्याने सोडले आणि योग्य केले. तो आता काय करतो हे मी मुद्दाम लिहीत नाही, कारण सोडणारा पुढे यशस्वी झाला तरच त्याचे सोडणे बरोबर, असा अर्थ त्यातून निघतो आणि तो मला मान्य नाही.

ज्याला ठेवायचे आणि ज्याला सोडायचे यांच्यातला फरक मग ओळखायचा कसा? बावीस वर्षांनंतर मी गुणांवर फारसा विसंबत नाही. मी एक गोष्ट पाहतो: स्वतः लिहिलेला प्रोग्राम चालत नसताना हा मुलगा त्याच्यासमोर किती वेळ आणि कसा बसतो. तासगावच्या मुलाला मी वही-पेनाने खोकी काढायला लावली. प्रत्येक व्हेरिएबलचे एक खोके, प्रत्येक पॉइंटरचा एक बाण, आणि प्रोग्रामची एक ओळ पुढे सरकली की खोडरबराने जुने पुसून नवे लिहायचे. पहिले तीन आठवडे तो कंटाळला, तसे तोंडावर बोललाही. चौथ्या आठवड्यात त्याचा प्रोग्राम ‘सेगमेंटेशन फॉल्ट’ (आपल्या नसलेल्या जागेला हात लावल्याची चूक) देऊन पडला आणि मी पाहायला गेलो तेव्हा त्याने मान वर न करता हात दाखवून मला थांबवले. वहीच्या पानावर एक बाण कोणत्याच खोक्याकडे जात नव्हता आणि तो त्याच्याकडे पाहत बसला होता. त्या दुपारी मला जे कळले ते कोणत्याही गुणपत्रिकेवरून कळले नसते. याच्या उलट, कारण सापडले, मदत मिळाली, वेळ मिळाला आणि तरीही चार महिन्यांत चुकलेल्या प्रोग्रामसमोर दहा मिनिटे बसवत नाही, असेही विद्यार्थी असतात. त्यांना जिद्दीची भाषणे देणे हा मी आता अन्याय मानतो. गुणगौरव समारंभाला येणारे पाहुणे अपयशातून उभ्या राहिलेल्या मोठ्या माणसांच्या कथा सांगतात. सात वर्षे चिकटून राहून वयाच्या पंचविसाव्या वर्षी पदवीशिवाय घरी परतलेल्या मुलाला कोणी पाहुणा म्हणून बोलावत नाही.

आता त्या मोकळ्या वर्षाकडे वळतो. वायडी झालेल्या विद्यार्थ्याचे आपण नेमके काय करतो? त्याची सत्रे, म्हणजे टर्म्स, आधीच पूर्ण झालेल्या असतात, त्यामुळे त्याला वर्गात बसण्याची गरज नाही असे कार्यालय सांगते. एरवी 75 टक्के हजेरीसाठी पालकांना फोन करणारी संस्था या वर्षात त्याचे नाव हजेरीपटावरही ठेवत नाही. वसतिगृहाची खोली नव्या मुलाला जाते, प्रयोगशाळेत त्याची बॅच नसते, ग्रंथालयाचे कार्ड पुढे चालू होत नाही. हिवाळी आणि उन्हाळी परीक्षेचे अर्ज भरायला तेवढा तो येतो. ज्याला सर्वांत जास्त शिकवण्याची गरज आहे, त्याला आपण वर्षभर शिकवतच नाही आणि मग तो पुन्हा नापास झाला की त्याच्यात दम नव्हता असे म्हणतो. पलूसकडच्या एका मुलाने घरी वायडी झाल्याचे सांगितलेच नव्हते. चार महिने तो रोज सकाळी डबा घेऊन एसटीने सांगलीला येत होता, दिवसभर कृष्णेच्या घाटावर आणि बसस्थानकावर बसत होता आणि संध्याकाळच्या गाडीने परत जात होता. त्याच्या आईने मला हे सांगितले तेव्हा तिचा राग मुलावर कमी आणि आमच्यावर जास्त होता, आणि माझ्याजवळ त्याचे उत्तर नव्हते.

खरे तर शिक्षण आणि वर्षे यांचा हिशेब सैल ठेवण्याची परंपरा याच मातीत आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1947 मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी महाविद्यालय काढले तेव्हा ‘कमवा आणि शिका’ ही त्याची बैठक होती. दिवसाचे काही तास शेतात किंवा इमारतीच्या कामावर राबून त्यावर शिक्षण घेणारा विद्यार्थी ही तिथे लाजेची गोष्ट नव्हती. योगायोगाने सांगलीतले अभियांत्रिकी शिक्षणही 1947 मध्येच सुरू झाले. पण अभियांत्रिकीने आपली घडण कारखान्याच्या पट्ट्यासारखी ठेवली: ठरलेल्या वेळेत पुढे सरकला तो माल, अडला तो बाजूला. साताऱ्यातली ती पद्धत इकडे का आली नाही, याचा विचार आपण कधी केलेला नाही. वायडीच्या वर्षात मुलाने आठवड्यातले तीन दिवस एखाद्या संगणक दुरुस्तीच्या दुकानात, सहकारी सोसायटीच्या संगणक विभागात किंवा शाळेच्या लॅबमध्ये पगारावर काम करावे आणि दोन दिवस महाविद्यालयात येऊन राहिलेल्या विषयांच्या मुळाशी जावे, यात अशक्य काय आहे? लागणारा खर्च म्हणजे संध्याकाळी मोकळी पडलेली एक प्रयोगशाळा, एक शिक्षक आणि ज्यांचे विषय पहिल्या फटक्यात सुटले अशी तिसऱ्या वर्षाची चार-पाच मुले. तंत्रशिक्षणाचे नियमन करणाऱ्या एआयसीटीई या केंद्रीय संस्थेने 2024-25 पासून एका शाखेतल्या जागांवरची कमाल मर्यादा काढून टाकल्यानंतर संगणक शाखेच्या तुकड्या वाढल्या. माझ्या पाहण्यात शिक्षक त्या प्रमाणात वाढले नाहीत. वाढीव तुकडीचे शुल्क घेणाऱ्या संस्थेला त्या तुकडीतून मागे राहणाऱ्यांसाठी एवढे करायला सांगणे मला जास्त वाटत नाही, आणि संलग्नतेच्या तपासणीत वायडीच्या विद्यार्थ्यांसाठी काय केले, हा एक रकाना विद्यापीठांनी घालावा.

घरच्यांच्या हिशेबाविषयीही बोलले पाहिजे, कारण निर्णय बहुतेक वेळा तिथेच होतो. ‘तीन वर्षांचे पैसे पाण्यात जातील’ म्हणून पुढे रेटणे हा चुकीचा हिशेब आहे. गेलेले पैसे सोडले तरी गेले आणि ठेवले तरी गेले. मोजायचे ते इथून पुढचे: अजून किती सत्रे, खोली आणि मेसचे किती, परीक्षा अर्जांचे किती, आणि त्या काळात मुलगा दुसरीकडे काय कमावू किंवा शिकू शकला असता. उलट बाजूने, ‘आता पुरे’ म्हणून एका रात्रीत सोडणेही महाग पडते. केंद्राच्या व्याज-अनुदान योजनेत साडेचार लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबाच्या शैक्षणिक कर्जावरचे, शिक्षणाचा काळ आणि पुढचे एक वर्ष, एवढ्या मुदतीचे व्याज सरकार भरते. पण अभ्यासक्रम मध्येच सोडला तर, वैद्यकीय कारण वगळता, ही सवलत मिळत नाही. म्हणून सोडण्यापूर्वी बँकेत जाऊन लेखी विचारावे. मुलींच्या बाबतीत तर हिशेब मांडलाच जात नाही. मुलगा राहिला तर ‘अजून एक वर्ष बघू’ असे म्हणणारे घर, मुलीचे दोन विषय राहिले की स्थळे पाहायला लागते. कोरेगावकडच्या एका मुलीचे फक्त गणित तीनदा राहिले होते आणि बाकी सगळ्या विषयांत ती वर्गात पहिल्या दहांत होती. तिच्या घरी मला तीनदा फोन करावा लागला. गणिताच्या एका विषयावरून संगणकाची पदवी सोडणे म्हणजे एका डहाळीच्या करप्यावरून बाग काढणे होय.

सोडणाऱ्यासाठी वाटा आहेत, पण त्या मध्यरात्री मोबाइलवर शोधायच्या नसतात. शिवाजी विद्यापीठाच्या कक्षेत संगणकशास्त्राची स्वतंत्र बी.एस्सी. पदवी आहे, बीसीए आहे, आणि काम करत शिकायचे असेल तर यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे. बीसीएसाठी 2024 पासून राज्याची प्रवेश परीक्षा सुरू झाल्यामुळे निकालानंतर ऑगस्टमध्ये जागे होऊन चालत नाही. वेळापत्रक मार्चमध्येच पाहून ठेवावे लागते. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने मधल्या टप्प्यावर प्रमाणपत्र किंवा पदविका घेऊन बाहेर पडण्याची सोय सांगितली आहे आणि श्रेयांक साठवण्यासाठी 2021 पासून ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स आहे. कल्पना उत्तम आहे. पण श्रेयांक जमा होतात ते सुटलेल्या विषयांचे, आणि मध्येच बाहेर पडावेसे वाटते ते बहुधा विषय राहिलेल्याला. ज्याच्यासाठी दार केले त्याच्याच अंगाला ते अरुंद पडते. वायडीच्या वर्षात राहिलेले विषय मुळापासून सोडवून घेतले तर निदान बाहेर पडणाराही हातात काहीतरी घेऊन बाहेर पडेल, हा त्या वर्षाचा दुसरा उपयोग. तसे न झाल्यामुळे यांतली बरीच मुले ‘एमपीएससी करतोय’ असे सांगत अभ्यासिकेत जाऊन बसतात. स्पर्धा परीक्षा वाईट नाही. पण एका न घेतलेल्या निर्णयावर पांघरूण म्हणून ती फार महागाची आहे.

हल्ली एक नवे कारण पालकांच्या तोंडी येते: आता एआयच कोड लिहितो, मग याच्यासाठी एवढी वर्षे कशाला घालवायची? त्याने लिहिलेला कोड बरोबर की चूक हे वाचून सांगणारा माणूस लागतोच, आणि बाण कोणत्या खोक्याकडे जात नाही हे ज्याला दिसते तोच ते सांगू शकतो. जर्नल उतरवणाऱ्याला ते पूर्वीही दिसत नव्हते. त्यामुळे या यंत्राने प्रश्न सोपा केलेला नाही. पाठांतरावर पास होऊन निभावून जाण्याची जी एक चोरवाट होती, तेवढी त्याने बंद केली आहे.

तासगावच्या मुलाचे त्या वर्षी हिवाळी परीक्षेत तीन विषय सुटले, त्यात डेटा स्ट्रक्चर्स होता. पहिल्या वर्षाचे गणित उन्हाळ्यात सुटले आणि तो एक विषय मागे ठेवून तिसऱ्या वर्षात गेला. मी त्याच्यासाठी जे केले ते विभागाच्या कोणत्याही वेळापत्रकात नव्हते, चहाच्या सुट्टीत आणि शनिवारी दुपारी केले, आणि म्हणूनच मला त्याचे समाधान कमी आणि संकोच जास्त आहे, कारण त्याच वर्षी वायडीच्या त्याच यादीतल्या बाकीच्यांना मी नावानेही ओळखत नव्हतो. यंदाची यादी परवा फलकावर लागली आहे. उत्तरपत्रिकेच्या छायाप्रतीसाठी अर्ज करण्याची मुदत शुक्रवारी संपते आणि आज दुपारपर्यंत कार्यालयात दोन अर्ज आले आहेत, दोन्ही पुनर्मूल्यांकनाचे.